लॅपटॉपची डिस्क बदलताना: साटा, एम.टू की एनव्हीएमई? वेगाचा नेमका हिशेब

भुईकोट

सोलापूरच्या नव्या पेठेत एसएसडीचा (फिरते भाग नसलेल्या, चिपवर साठवणाऱ्या डिस्कचा) भाव विचारला की दुकानदार पहिल्यांदा विचारतो, "साटा पाहिजे का एनव्हीएमई?" या डिस्क जोडायच्या दोन पद्धती, आणि बरेच जण इथंच अडकतात. डब्यावर ५५०, ३५००, ७००० असे वेगाचे आकडे (मेगाबाइट प्रतिसेकंद) असतात. मोठा आकडा बघून पट्टी घेतली जाते आणि ती स्लॉटला चालतच नाही. म्हणून धागा काढतोय. आपापल्या लॅपटॉपचं मॉडेल आणि साल लिहून विचारा, नुसतं "जुना डेल आहे" एवढ्यावर काही सांगता येत नाही.

आधी जोडणीचं बघू. २००५-०६ पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये ४४ पिनांची आयडीई डिस्क असायची, कमाल १०० किंवा १३३ मेगाबाइट प्रतिसेकंद. त्यावर आता पैसे घालू नका. नंतर साटा आलं. पहिली पिढी १.५ गिगाबिट, दुसरी ३, तिसरी ६. प्रत्यक्षात हातात पडतात सुमारे १४०, २७० आणि ५५० मेगाबाइट. साटा मागेपुढे दोन्हीकडे जुळतं, म्हणजे तिसऱ्या पिढीची एसएसडी दुसऱ्या पिढीच्या पोर्टला लावली तर ती २७०ने चालते, बिघडत काही नाही.

एम.टू हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. पट्टी २२ मिमी रुंद असते आणि २२८० म्हणजे ८० मिमी लांब, २२४२ म्हणजे ४२, २२३० म्हणजे ३०. त्या पट्टीवर साटा असू शकतं किंवा पीसीआयईवर (मदरबोर्डवरच्या वेगवान मार्गावर) चालणारं एनव्हीएमई असू शकतं. बहुतेकांचा घोटाळा होतो तो इथं. पीसीआयई ३.०च्या चार लेनवर (डेटाच्या समांतर वाटांवर) प्रत्यक्षात ३५०० मेगाबाइटपर्यंत मिळतात, ४.०वर ७०००पर्यंत. स्लॉटला दोनच लेन असतील तर ३.०वर १७००च्या आसपास थांबतं.

पण हे सगळे आकडे एक मोठी फाइल सलग वाचायचे आहेत. विंडोज सुरू होताना, टॅली उघडताना, ब्राउझर चालू असताना डिस्कवरून हजारो बारीक तुकडे इकडूनतिकडून उचलले जातात. ५४०० आरपीएमची (मिनिटाला ५४०० फेऱ्यांची) हार्डडिस्क सेकंदाला ९० फेरे घेते, एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो तुकडा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद. त्याआधी हेड जागेवर जायला साधारण १२ मिलिसेकंद. एका तुकड्याला साडेसतरा, म्हणजे सेकंदाला ५५-६० तुकडे. तुकडा ४ किलोबाइटचा धरला तर वेग पाव मेगाबाइटसुद्धा धड होत नाही. हेच काम साधी साटा एसएसडी २५ ते ३५ मेगाबाइटने करते आणि चांगली एनव्हीएमई ५० ते ७०ने.

हार्डडिस्कवरून साटा एसएसडीवर गेलात तर शंभरपट फरक, साटावरून एनव्हीएमईवर गेलात तर दुप्पट. रोजच्या वापरात पहिली उडी डोळ्यांना दिसते, दुसरी फार कमी जणांना जाणवते.

सातरस्ता

छान धागा. एक शंका आहे. ६ गिगाबिटला ८ने भागलं तर ७५० मेगाबाइट यायला पाहिजेत. तुम्ही ५५० म्हणताय. मधले २०० कुठं जातात?

भुईकोट

साटामध्ये प्रत्येक ८ बिटांमागे तारेवरून १० बिट जातात, म्हणून ८ने नाही, १०ने भागायचं. ६०० आले. त्यातून आदेश, पोचपावत्या यांचा खर्च वजा केला की ५५०-५६० उरतात. पीसीआयई ३.०मध्ये १२८ बिटांमागे १३०च जातात, त्यामुळे तिथं ही गळती नगण्य आहे.

कंबरतलाव

डिस्क घ्यायच्या आधी लॅपटॉपच्या पोटात काय आहे ते कसं बघायचं, ते लिहितो.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम टाका. त्यात 'ट्रान्सफर मोड' या ओळीत दोन आकडे दिसतात, मधे उभी रेघ. डावीकडचा म्हणजे आत्ता ज्या वेगाने जोडणी झाली आहे तो, उजवीकडचा म्हणजे डिस्कला जमतो तो. साटा/३०० रेघ साटा/६०० असं दिसलं तर डिस्क तिसऱ्या पिढीची आणि पोर्ट दुसऱ्या पिढीचं. कधीकधी पोर्टही ६००चं असतं पण डिस्ककडे जाणारी चपटी रिबन केबल खराब झाल्याने जोडणी खालच्या वेगावर उतरते. त्याची खूण म्हणजे त्याच प्रोग्राममधला सी७ क्रमांकाचा सीआरसी चुकांचा (डेटा पोचताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत राहणं. तो वाढत असेल आणि ०५ (बदललेल्या खराब जागा) व सी५ (वाचता न येणाऱ्या जागा) शून्य असतील तर डिस्क निर्दोष आहे, केबल बदला. उलट ०५ किंवा सी५ वाढत असतील तर डिस्कचा पृष्ठभागच जातोय. आधी डेटा काढून घ्या, बाकी चर्चा नंतर.

एम.टू स्लॉटमध्ये काय चालतं हे खाचेवरून पूर्ण कळत नाही. पट्टीला दोन खाचा असतील तर ती बहुधा साटा असते, काही वेळा दोन लेनची एनव्हीएमई. एकच खाच, एम की (खाचेच्या ठरलेल्या जागेचं नाव), म्हणजे चार लेनची एनव्हीएमई. पण लॅपटॉपचा स्लॉट एम कीचा दिसतो म्हणून तिथं एनव्हीएमई चालेलच असं नाही. कितीतरी लॅपटॉपमध्ये त्या स्लॉटला कंपनीने फक्त साटाच्या तारा जोडलेल्या असतात. एनव्हीएमई त्यात बसते, स्क्रूही लागतो, बायोसला (लॅपटॉप सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामला) मात्र दिसत नाही. जळत वगैरे काही नाही, नुसतीच पडून राहते.

खात्रीचा रस्ता एकच, कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल. एचपीचं 'मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड', डेलचं सर्व्हिस मॅन्युअल, लेनोवोचं पीएसआरईएफ संकेतस्थळ. तिघांचंही फुकट मिळतं. मॉडेलचं पूर्ण नाव लॅपटॉपच्या पाठीवरच्या स्टिकरवरून घ्या. एकाच मालिकेत दोन-दोन मदरबोर्ड असतात, त्यामुळे शेवटचे दोन अंकही महत्त्वाचे.

जॅकार्ड_डिझाइन

अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादर-टॉवेलच्या डिझाइनचं काम आहे. तीन लॅपटॉप आहेत.
पहिला २०११चा, आय५ दुसरी पिढी, एचएम६५ चिपसेट, ५०० जीबी हार्डडिस्क, डीव्हीडी आहे.
दुसरा २०१७चा, आय३ सहावी पिढी, १ टीबी हार्डडिस्क.
तिसरा २०२२चा, अकरावी पिढी, २५६ जीबी एनव्हीएमई, ती भरत आली.
पहिला मागांच्या शेडमध्येच टेबलावर असतो, तो सगळ्यात जास्त अडकतो. कशाला काय टाकायचं सांगा की ओ.

भुईकोट

@जॅकार्ड_डिझाइन, माहिती नीट दिलीत, त्यामुळे नेमकं सांगता येतंय.

पहिला: एचएम६५मध्ये साटाची दोनच पोर्टं ६ गिगाबिटची असतात, बाकीची ३ची. मुख्य डिस्कची जागा बहुतेक लॅपटॉपमध्ये ६वर असते आणि डीव्हीडीची ३वर. म्हणून एसएसडी मुख्य जागी लावा. या मशीनला अडीच इंची साटा एसएसडी हाच एक पर्याय आहे, एनव्हीएमईच्या मागे लागू नका. जुन्या डिस्कची जागा ९.५ मिमी जाडीची असेल आणि एसएसडी ७ मिमीची, तर वर अडीच मिमीची प्लॅस्टिक चौकट येते ती लावा. नाहीतर एसएसडी सैल राहते आणि कनेक्टरवर ताण येतो. ५०० जीबीची हार्डडिस्क पाहिजेच असेल तर डीव्हीडी काढून तिथं कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसते. डीव्हीडीची जाडी मोजून घ्या, १२.७ आणि ९.५ अशा दोन मापांत कॅडी येतात आणि एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

शेडमधल्या जागेबद्दल वेगळं सांगतो. माग चालू असताना टेबल थरथरतं. फिरत्या डिस्कचं हेड ट्रॅकवरून हलतं, मग तेच वाचन पुन्हा-पुन्हा करावं लागतं. डिस्क चांगली असूनही मशीन अडकतं ते यामुळे. म्हणून शेडमधल्या लॅपटॉपला कॅडीत हार्डडिस्क ठेवूच नका असं माझं मत आहे. ती बाहेरच्या यूएसबी डबीत घाला आणि ऑफिसात बॅकअपला वापरा.

दुसरा: काही सहाव्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये एम.टू स्लॉट आहे, काहींत नुसती जागा सोडलेली आहे आणि कनेक्टर लावलेलाच नाही. मॅन्युअल बघा. स्लॉट असेल तर विंडोज त्यावर आणि १ टीबीची डिस्क डेटाला. नसेल तर अडीच इंची साटा एसएसडी. काही मॉडेलांत एम.टूला साटा पट्टी लावली की अडीच इंची जागा बंद पडते, तेही मॅन्युअलमध्ये तळटिपेत असतं.

तिसरा: ११व्या पिढीपासून इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरांत पीसीआयई ४.० आलं, पण बऱ्याच स्वस्त मॉडेलांत स्लॉट ३.०वरच जोडलेला असतो. १ टीबीची ३.० एनव्हीएमई घ्या, तुमच्या बिटमॅप फाइलींना त्याहून जास्त लागणार नाही.

सातरस्ता

शेडच्या बाबतीत अजून एक. सुताचे तंतू पंख्यात आणि हीटसिंकच्या पात्यांत जाऊन नमदा बसतो. मशीन तापून प्रोसेसर हळू होतो आणि दोष डिस्कवर येतो. झाकण उघडणारच आहात तर तेही काढून घ्या. पंख्याचं पातं बोटाने धरून मगच हवा मारा, फिरू देऊ नका.

लग्नसराई_व्हिडिओ

लग्नाचं फुटेज उतरवायला वेळ फार जातो. ६४ जीबीचं कार्ड आणि बाहेरची १ टीबी हार्डडिस्क. लॅपटॉपला ७०००वाली एनव्हीएमई टाकली तर किती वेळ वाचेल?

कंबरतलाव

कार्ड उतरवण्यात काहीच वाचणार नाही. यूएचएस-१ या वेगाच्या दर्जाच्या कार्डाची मर्यादाच १०४ मेगाबाइट आहे, प्रत्यक्षात ९०च्या आसपास मिळतात. ६४,००० भागिले ९०, म्हणजे १२ मिनिटं. पुढे साटा एसएसडी असो की पीसीआयई ४.०, १२ मिनिटं ती १२ मिनिटंच. कार्डरीडर यूएसबी २.०चा असेल तर ३५ मेगाबाइट मिळतात आणि तेच काम अर्ध्या तासावर जातं. कित्येक लॅपटॉपचा अंगचा कार्डरीडर आतून यूएसबी २.०वरच असतो. म्हणून तुम्ही आधी यूएसबी ३चा रीडर घ्या, तो काही शेकड्यांत येतो.

आता बाहेरची डिस्क. ५० जीबी टाकायला यूएसबी २.०वर सुमारे २४ मिनिटं, यूएसबी ३वर फिरत्या डिस्कला १०० मेगाबाइटने साडेआठ मिनिटं, यूएसबी ३च्या डबीत साटा एसएसडी असेल तर दोन-सव्वादोन मिनिटं. डबी घेताना 'यूएएसपी' लिहिलंय का बघा. जुन्या पद्धतीत एका वेळी एकच आदेश जातो, यूएएसपीमध्ये रांग लागते, त्यामुळे बारीक फाइलींना बराच फरक पडतो.

आणि एक सांगायलाच पाहिजे. अडीच इंची ७ मिमी जाडीच्या १ टीबी आणि वरच्या बऱ्याच हार्डडिस्क एसएमआर पद्धतीच्या असतात. त्यात ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक ट्रॅक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. सुरुवातीचे काही जीबी १०० मेगाबाइटने जातात, मग राखीव भाग भरला की वेग १०-२० मेगाबाइटवर येतो. डिस्क खराब झाली असं वाटून लोक केबल उपसतात आणि मग खरंच फाइलसिस्टिम बिघडते. तसं करू नका. कॉपी संपल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर लुकलुकू द्या, ती आतली मांडणी करत असते. एडिटिंगचं चालू काम अशा डिस्कवर ठेवूच नका, साठवणीपुरतीच ती बरी.

पार्कचौक

डिस्क बदलण्याची पद्धत कोणी लिहिली नाही, मी लिहितो.

विंडोज बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते आधी बघा. नव्या लॅपटॉपमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' न सांगता चालू असतं. ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन बंद करून पूर्ण उलगडू द्या. मग नवी एसएसडी यूएसबी डबीत घालून क्लोन (जशीच्या तशी प्रत) करा. जुनी डिस्क मोठी आणि नवी लहान असेल तर वापरलेला डेटा नव्या डिस्कच्या ८० टक्क्यांत बसला पाहिजे.

उघडताना चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पाठीचे स्क्रू काढा. रबरी पायांखाली दोन लपलेले असतात. स्क्रूंच्या लांबी वेगवेगळ्या असतात. कागदावर लॅपटॉपची आकृती काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा येतो. झाकण उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं. एम.टू पट्टी साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवायची, सोनेरी पट्टे जवळजवळ दिसेनासे झाले पाहिजेत, मग खाली दाबून स्क्रू. तो एम२ मापाचा, ३ मिमी लांब असतो आणि पट्टीच्या डब्यात बहुतेकदा नसतो. आधीच घेऊन ठेवा.

जुन्या साटा डिस्कवरून एनव्हीएमईवर जाताना दोन ठिकाणी अडतं. एक, जुनं विंडोज लेगसी (जुन्या बायोस) पद्धतीचं असेल तर एनव्हीएमईवरून बूट होत नाही, यूईएफआय ही नवी बूट पद्धत लागते. विंडोज १०मध्ये एमबीआर-टू-जीपीटी ही (डिस्कची विभागणी जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत बदलायची) सोय आहे, पण डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन असतील तर ती नकार देते. दोन, बायोसमध्ये डिस्क चालवायची पद्धत आरएसटी किंवा रेडवरून एएचसीआय केली की निळा पडदा येतो. त्यासाठी आधी विंडोजमध्ये सेफ मोडचा बूट ठरवा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये चालू होऊ द्या, ड्रायव्हर आपोआप बसतो, मग सेफ मोड काढा.

@जॅकार्ड_डिझाइन, तुमच्या तिसऱ्या मशीनला नव्याने विंडोज टाकलंत तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसणार नाही अशी शक्यता आहे. ११व्या पिढीपासून व्हीएमडी नावाची इंटेलची डिस्क-नियंत्रणाची सेटिंग बहुतेकदा चालू असते. डिस्क परत करायला पळू नका. बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा, किंवा कंपनीच्या साइटवरून इंटेल आरएसटीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उलगडून 'लोड ड्रायव्हर'मधून द्या.

सी५ वाढलेल्या डिस्कला यातला कोणताच क्लोन लावू नका. विंडोजचे क्लोन प्रोग्राम खराब जागी परत-परत धडका मारतात आणि डिस्क तिथंच संपते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू (खराब डिस्कमधून डेटा काढायचा प्रोग्राम) चालवा, मॅपफाइल (कुठवर वाचलं याची नोंद) देऊन. पहिल्या फेरीत डॅश एन पर्याय, म्हणजे चांगला भाग आधी निघतो. नंतर उरलेल्यावर तीन फेऱ्या. डिस्कवर टेबलपंखा सोडून ठेवा.

सातरस्ता

एकाच क्षमतेच्या दोन एसएसडींच्या किमतीत हजार-बाराशेचा फरक का असतो?

भुईकोट

आतल्या पेशींचा प्रकार आणि डीरॅम (कोणता डेटा कुठे आहे याचा नकाशा ठेवणारी एसएसडीवरची वेगवान मेमरी). टीएलसीमध्ये एका पेशीत तीन बिट, क्यूएलसीमध्ये चार. दोन्हीत सुरुवातीला वेगवान राखीव भागात लिहिलं जातं, तो भरला की खरा वेग उघडा पडतो. उदाहरण म्हणून सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओचं (ही क्यूएलसी) १ टीबीचं मॉडेल बघा. कंपनीच्याच माहितीपत्रकाप्रमाणे ४२ जीबी लिहून झाले की वेग ८० मेगाबाइट, म्हणजे हार्डडिस्कच्याही खाली. टिकाऊपणाची हमी ३६० टेराबाइट लिखाणाची. त्याच कंपनीच्या ८७० ईव्हीओला, जी टीएलसी आहे, १ टीबीला ६०० टेराबाइट. लग्नसराईवाल्यांनी टीएलसीच घ्यावी. टॅली आणि बिलं एवढंच असेल तर क्यूएलसीही वर्षानुवर्षं चालेल.

डीरॅम नसलेल्या साटा एसएसडी भरत आल्या की अडखळतात. एनव्हीएमईमध्ये डीरॅम नसलं तरी एचएमबीमुळे लॅपटॉपच्या रॅममधले थोडे मेगाबाइट वापरता येतात, तिथं फारसं अडत नाही. साटाला ही सोय नाही. म्हणून माझं मत: साटा घेताना डीरॅम बघा, एनव्हीएमई घेताना पेशी बघा.

कंबरतलाव

डीरॅमवर थोडा असहमत. २० टक्के जागा मोकळी ठेवली आणि ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणारी विंडोजची सोय) चालू असलं तर साध्या ऑफिसकामाला डीरॅम नसलेली साटाही पुरते. बाकी सगळ्याला +१.

अनोळखी नावाची फार स्वस्त १ टीबी मात्र घेऊ नका. घेतलीच तर परतीची मुदत असतानाच एचटूटेस्टडब्ल्यू हा तपासणीचा प्रोग्राम पूर्ण क्षमतेवर चालवा. ६४ जीबीची चिप १ टीबी म्हणून दाखवलेली असेल तर तिथं पकडली जाते. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटी त्यावरच मिळते.

लग्नसराई_व्हिडिओ

रीडर बदलतो आधी. एनव्हीएमई उन्हाळ्यात फार तापते म्हणतात, आपल्याकडे मे महिन्यात काय करायचं?

पार्कचौक

पारा ४२-४३ला गेला की बंद खोलीत लॅपटॉपच्या पोटात ५०-५५ सहज असतं. एनव्हीएमई भराभर लिहिताना ५ ते ७ वॉट घेते, साटा २-३. मॉडेलप्रमाणे ७० ते ८५ अंशांच्या दरम्यान ती स्वतःहून वेग उतरवते. खराब होत नाही, हळू होते. एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्राममध्ये मोठी कॉपी चालू असताना तापमान बघा. ७०वर जात असेल तर पट्टी आणि खालचं धातूचं झाकण यांच्यामध्ये अर्धा ते एक मिमीचा थर्मल पॅड ठेवा. जास्त जाड ठेवलात तर पट्टी वाकते. पट्टीवरचं स्टिकर काढू नका, वॉरंटी जाते. झाकण प्लॅस्टिकचं असेल तर पॅडचा उपयोग नाही, लॅपटॉप मागून दोन बोटं उचलून ठेवा आणि गादीवर कॉपी लावू नका. फिरत्या डिस्कला ६० अंश ही बहुतेक कंपन्यांची मर्यादा, ती ओलांडू देऊ नका.

बॅकअपबद्दलही उन्हाळा लक्षात घ्या. एसएसडी विजेशिवाय ठेवली की पेशींतला भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत जास्त लवकर गळतो. जेडेक या चिपची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकात घरगुती एसएसडीकडून अपेक्षा आहे ती ३० अंशांत एक वर्षाची, तीही लिखाणाची हमी पूर्ण वापरून झाल्यावर. नवी एसएसडी याहून बराच काळ टिकते, पण पत्र्याखालच्या कपाटात वर्ष-वर्ष टाकून ठेवायला ती नाही. लग्नांचं जुनं फुटेज हार्डडिस्कवर दोन प्रतींत ठेवा. एसएसडीवर ठेवलंच असेल तर तीन-चार महिन्यांनी लॅपटॉपला लावा आणि सगळ्या फाइली एकदा वाचून घ्या. नुसती वीज देऊन भागतं असं धरून चालू नका.

जॅकार्ड_डिझाइन

दुसऱ्या मशीनचं मॅन्युअल मिळालं. "एम.टू २२८०, साटा-३" एवढंच लिहिलंय, पीसीआयईचं नाव नाही. म्हणजे दोन खाचांची साटा पट्टी ना?

भुईकोट

होय, तीच. २२८० आकाराची, डब्यावर 'एम.टू साटा' स्पष्ट छापलेलं बघून घ्या. दुकानात एनव्हीएमई जास्त खपतात, त्यामुळे न बोलता तीच हातात देतात. आणि तुमच्या मॅन्युअलमध्ये त्याच पानावर अडीच इंची जागा त्याच वेळी चालते का, ती तळटीप वाचून इथं टाका.